नोंद नसलेल्यांची मोजदाद

६ एप्रिल १९४४ च्या रात्री फ्रान्समधल्या ल्यों शहरातून गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कचेरीनं पॅरिसला एक तार पाठवली. मजकूर थोडक्यात असा: इझ्यू गावातलं ज्यू मुलांचं वसतिगृह आज सकाळी रिकामं केलं. ३ ते १३ वर्षं वयाची ४१ मुलं पकडली. शिवाय तिथले सगळे ज्यू कर्मचारी पकडले, एकूण १०, त्यांत ५ बायका. रोख रक्कम किंवा मौल्यवान वस्तू हाती लागल्या नाहीत. रवानगी ७ तारखेला द्रांसीला. खाली नाव तिथला गेस्टापोचा प्रमुख क्लाउस बार्बी याचं.

माझं आयुष्य हिशेबतपासणीत गेलं, त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की त्याचा ताळा पाहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. इझ्यूच्या घरातून त्या दिवशी नेलेल्यांची नावानिशी यादी आज उपलब्ध आहे. त्या यादीत मुलं ४४ आहेत आणि मोठी माणसं ७. तारेत मुलं ४१, मोठी १०. दोन्हीकडे बेरीज ५१ च येते. म्हणजे माणूस एकही चुकलेला नाही, चुकला आहे तो रकाना. अंगानं थोराड दिसणारी तीन पोरं घाईघाईत 'कर्मचाऱ्यांत' धरली गेली असणार.

हे मुद्दाम आधी सांगितलं. दुसऱ्या महायुद्धातल्या छळछावण्यांची कागदपत्रं वाचायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते या एका तारेत आलं. कागद अस्सल आहे, तो गुन्हेगारानं स्वतःच लिहिला आहे, आणि तरी त्यातला आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही. शेजारी दुसरा कागद ठेवला की पहिला बोलू लागतो. ही तार पुढे १९८७ मध्ये ल्योंच्या न्यायालयात बार्बीविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहिली आणि त्याला जन्मठेप झाली. ज्या घरातून मुलं नेली, ते घर १९९४ पासून स्मारक आहे.

मुलांचं पुढे काय झालं, हे मात्र ल्योंच्या कागदांत सापडत नाही. त्यासाठी पोलंडमध्ये ऑश्विट्झला जावं लागतं.

गाडीतले १५००

द्रांसी हे पॅरिसच्या वेशीवरचं उपनगर. तिथल्या इमारतींच्या एका अर्धवट संकुलात ज्यूंना डांबून ठेवत आणि तिथून पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या भरत. प्रत्येक गाडीची यादी टंकलेखित व्हायची: नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव. कार्बन लावून काढलेल्या या प्रती पातळ, जवळजवळ आरपार दिसणाऱ्या कागदावर आहेत. सर्ज क्लार्सफेल्ड या वकिलानं त्या एकत्र केल्या आणि १९७८ मध्ये फ्रान्समधून नेलेल्या सुमारे ७६ हजार ज्यूंची नावं गाडीवार छापली. त्याचे स्वतःचे वडील त्यांत आहेत.

१३ एप्रिल १९४४ ला निघालेली ७१ क्रमांकाची गाडी घेऊ. यादीत १५०० माणसं. इझ्यूची ३४ मुलं याच गाडीत होती. सोळा वर्षांची सिमोन जाकोब नावाची मुलगी, तिची आई आणि बहीण हीही याच गाडीत. ही सिमोन म्हणजेच पुढच्या काळातल्या सिमोन वेल, फ्रान्सच्या आरोग्यमंत्री आणि १९७९ मध्ये युरोपीय संसदेच्या अध्यक्ष झालेल्या.

आता दुसरा कागद. ऑश्विट्झमध्ये कैद्याला आत घेतलं की नंबर मिळायचा, आणि तो बहुतेकांच्या डाव्या हातावर गोंदला जायचा. छावणीच्या 'राजकीय विभागा'त, म्हणजे तिथल्या गेस्टापोच्या कचेरीत, कारकुनी करायला कैदीच लावले होते. त्यांच्यातल्या काहींनी १९४४ मध्ये जिवावर उदार होऊन एक यादी चोरून उतरवून घेतली: अमुक तारखेला, अमुक ठिकाणाहून गाडी, पुरुषांना या नंबरपासून या नंबरपर्यंत, बायकांना इथून इथपर्यंत. त्या कारकुनांपैकी काझिमिएझ स्मोलेन पुढे छावणीच्या जागी झालेल्या संग्रहालयाचे अनेक वर्षं संचालक होते.

७१ क्रमांकाच्या गाडीतल्या पुरुषांना १८४०९७ ते १८४२६१ हे नंबर मिळाले. वजाबाकी करून एक मिळवा: १६५. बायकांना ७८५६० ते ७८७८२, म्हणजे २२३. सिमोन वेल यांच्या हातावरचा नंबर होता ७८६५१. बरोबर मध्ये बसतो.

१६५ आणि २२३ मिळून ३८८. गाडीत होते १५००. उरले १११२.

या १११२ जणांची ऑश्विट्झच्या दप्तरात नोंद नाही. त्यांना नंबर नाही, फोटो नाही, मृत्यूचा दाखला नाही. गाडीतून उतरल्यावर फलाटावरच एसएसच्या, म्हणजे छावणी चालवणाऱ्या नाझी दलाच्या, डॉक्टरांनी बोटानं दिशा दाखवली आणि त्यांना थेट गॅस चेंबरकडे नेण्यात आलं. कामाला येणार नाहीत अशी म्हातारी माणसं, आजारी, लहान मुलं आणि मुलांबरोबरच्या आया. इझ्यूची मुलं या बिननोंदीच्या घोळक्यात होती. सिमोनला फलाटावर एका कैद्यानं हळूच सांगितलं होतं, वय अठरा सांग. तिनं सांगितलं, म्हणून तिचा नंबर आहे.

ऑश्विट्झबद्दल वाचताना मनात घट्ट धरून ठेवायची गोष्ट कुठली, असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन: छावणीचं दप्तर हे आत घेतलेल्यांचं दप्तर आहे. जे आत गेलेच नाहीत, त्यांच्यासाठी तिथे कागद खर्च केला गेला नाही. आपण सरकारी कामाला सरावलेली माणसं. नोंद नाही म्हणजे माणूस नाही, असं आपल्याला नकळत वाटतं. इथे नेमकं उलटं वाचावं लागतं. नोंद नाही, हीच त्या माणसाच्या शेवटाची खूण आहे.

अकरा लाख हा आकडा आला कुठून

ऑश्विट्झ हे जर्मन नाव. गावाचं पोलिश नाव ओश्व्येंचिम. तिथल्या पोलिश सैन्याच्या जुन्या बराकींत १९४० च्या वसंतात छावणी सुरू झाली. पहिले ३० नंबर मे महिन्यात आणलेल्या जर्मन गुन्हेगारांना दिले, इतर कैद्यांवर मुकादमी करण्यासाठी. १४ जून १९४० ला तार्नूफहून ७२८ पोलिश राजकीय कैदी आले, त्यांना ३१ ते ७५८ हे नंबर मिळाले. शेजारच्या बिर्केनाउमध्ये १९४१ च्या अखेरीपासून दुसरी, कित्येक पट मोठी छावणी उभी राहिली, आणि १९४२ पासून युरोपभरच्या ज्यूंच्या गाड्या येऊ लागल्या. २७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत फौजा पोचल्या तेव्हा तिथे सुमारे ७ हजार कैदी उरले होते, बहुतेक आजारी. बाकीच्यांना दहा दिवस आधी बर्फातून पायी पश्चिमेकडे हाकललं होतं.

युद्ध संपता संपता सोव्हिएत चौकशी समितीनं मृतांचा आकडा ४० लाख सांगितला. तो मुख्यतः भट्ट्यांच्या क्षमतेवरून काढलेला होता: दिवसाला इतकी प्रेतं जाळता येतात, भट्ट्या इतके दिवस चालल्या, म्हणून एवढी माणसं. गिरणीची क्षमता पाहून दळलेलं धान्य ठरवावं, तसा हा प्रकार. राजकीय कारणांनी हा आकडा चार दशकांहून अधिक काळ स्मारकाच्या फलकांवर राहिला.

याच संग्रहालयातले इतिहासतज्ज्ञ फ्रान्चिशेक पिपर यांनी ऐंशीच्या दशकात हिशेब नव्यानं मांडला. त्यांनी भट्टीकडे पाहिलं नाही, रेल्वेकडे पाहिलं. माणसं निघाली कुठून, ते आधी मोजलं. फ्रान्सहून सुमारे ६९ हजार, नेदरलँड्सहून ६० हजार, ग्रीसहून ५५ हजार, बेल्जियमहून २५ हजार, पोलंडच्या निरनिराळ्या घेट्टोंमधून (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्यांमधून) ३ लाख, नॉर्वेहून ६९०. सगळ्यांत मोठा भरणा हंगेरीचा: १९४४ च्या मे ते जुलै या जेमतेम आठ आठवड्यांत ४ लाखांहून अधिक ज्यू. तिथला जर्मन प्रतिनिधी बर्लिनला वेळोवेळी तारा पाठवून किती जणांची रवानगी झाली ते कळवत होता, म्हणून हा आकडा हातात आहे. या सगळ्यांत पोलिश कैदी, रोमा (ज्यांना तेव्हा जिप्सी म्हणत) आणि सोव्हिएत युद्धकैदी मिळवले की आणलेल्या माणसांची बेरीज किमान १३ लाख होते.

मग जावक पाहायची. दुसऱ्या छावण्यांत हलवलेले, सोडलेले, पळालेले आणि शेवटी मुक्त झालेले असे सगळे मिळून सुमारे २ लाख. यांतलेही कित्येक पुढच्या छावण्यांत मेले, पण ते ऑश्विट्झच्या खात्यावर येत नाहीत. तेरा लाखांतून दोन लाख गेले, राहिले अकरा. त्यांत सुमारे १० लाख ज्यू, ७० हजारांवर पोलिश, २१ हजार रोमा, १४-१५ हजार सोव्हिएत युद्धकैदी.

आणि नंबर मिळालेले एकूण कैदी किती? सुमारे ४ लाख. तेरा लाख आले, चार लाखांची नोंद झाली. ७१ क्रमांकाच्या गाडीचं गणित सगळ्या छावणीला लावलं की हे चित्र दिसतं.

ऑश्विट्झचा संहार घडलाच नाही असं म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांना या दोन आकड्यांत मोठी संधी दिसते. चाळीसाचे अकरा झाले, उद्या दोन होतील, असं ते म्हणतात. वास्तविक संशोधकांनी ४० लाख हा आकडा कधीच डोळे मिटून स्वीकारला नव्हता, आणि तो खाली आणला तो स्मारकाच्याच माणसांनी, कागद तपासून. मला या गोष्टीचा मनापासून आदर वाटतो. आपल्याच फलकावरचा आकडा आपल्याच हातानं पुसायला धैर्य लागतं. तेही अशा ठिकाणी, जिथे आकडा कमी करणाऱ्यावर मृतांशी बेइमानी केल्याचा आरोप होऊ शकतो.

नाकारणाऱ्यांचं दुसरं लाडकं हत्यार म्हणजे छावणीची मृत्युनोंदीची पुस्तकं.

हृदयक्रिया बंद पडून

ऑश्विट्झला स्वतःची जन्म-मृत्यू नोंदणी कचेरी होती. आपल्याकडे नगरपालिकेत असते तशीच, शिक्के-सह्यांसकट. नोंदणीकृत कैदी मेला की डॉक्टरचा शेरा यायचा आणि पुस्तकात एक पान भरलं जायचं: नाव, धर्म, पत्ता, आईवडिलांची नावं, मृत्यूची तारीख आणि वेळ, मृत्यूचं कारण. अशी ४६ पुस्तकं शिल्लक राहिली आहेत. जुलै १९४१ ते डिसेंबर १९४३ या काळातल्या जवळपास ६९ हजार नोंदी त्यांत आहेत. सोव्हिएत फौजांनी ती मॉस्कोला नेली आणि तिथे ती चाळीसहून अधिक वर्षं कुलूपबंद राहिली. राजवटीच्या अखेरीअखेरीस ती संशोधकांना खुली झाली.

'बघा, छावणीच्याच पुस्तकात ६९ हजार मृत्यू' असं सांगितलं जातं ते यावरून. हे पुस्तक फक्त नंबर असलेल्यांचं आहे, तेही अडीच वर्षांपुरतं, तेही जेवढे खंड हाती लागले तेवढंच, हे सांगितलं जात नाही.

पण या पुस्तकांची खरी अडचण वेगळी आहे. त्यांतली नावं खरी आहेत, आईवडिलांची नावं खरी आहेत, आणि मृत्यूची कारणं बहुधा खोटी. हृदयविकार, न्यूमोनिया, आतड्याचा दाह. गोळी घातलेला माणूसही कागदावर आजारानं मेलेला. राया कागान ही ज्यू कैदी या कचेरीत कारकुनी करत होती. १९६१ मध्ये जेरुसलेममध्ये ज्यूंच्या रवानगीची व्यवस्था पाहणाऱ्या आइखमान या एसएस अधिकाऱ्यावर खटला चालला तेव्हा तिथे तिची साक्ष झाली, आणि हे दाखले आतून कसे तयार होत ते तिनं न्यायालयाला सांगितलं. वीस-पंचवीस वर्षांच्या धडधाकट तरुणांची हृदयं एकाच दिवशी, लागोपाठ बंद पडलेली दिसली की वाचणाऱ्यानं समजायचं. एकेक पान वाचलं तर खोटं पचून जातं. शंभर पानं सलग वाचली की उघडं पडतं. हिशेबातली लबाडीही अशीच पकडली जाते, एका पावतीवरून सहसा नाही.

शब्दांचंही तेच. कागदोपत्री 'ठार मारलं' असं लिहायचं नाही, हा दंडकच होता. 'विशेष वागणूक', 'वेगळी सोय' असे गुळगुळीत शब्द योजले होते, आणि पुढे पुढे नुसती आद्याक्षरं. तरी दंडक पाळणारी माणसंच असतात आणि कधीतरी एखाद्याची जीभ घसरते. २९ जानेवारी १९४३ ला छावणीच्या बांधकाम कचेरीचा प्रमुख कार्ल बिशोफ यानं बर्लिनला एक साधं प्रगतीपत्र धाडलं. दोन नंबरच्या दहनगृहाचं काम कुठवर आलं, असा विषय. कडाक्याच्या थंडीमुळे प्रेतं ठेवण्याच्या तळघराच्या स्लॅबचं सेंटरिंग अजून काढता आलेलं नाही, पण हरकत नाही, त्या कामासाठी 'वायू सोडण्याचं तळघर' वापरता येईल, असं त्यात आहे. मूळ जर्मन शब्द 'फेरगाझुंग्सकेलर'. नकाशांत त्या खोलीला हे नाव कुठेच नाही, तिथे तीही प्रेतं ठेवण्याची खोलीच आहे. शिल्लक राहिलेल्या प्रतीत या शब्दाखाली रेघ मारलेली आहे आणि वर कचेरीतल्याच एका अधिकाऱ्याचं नाव उद्गारचिन्हासह लिहिलं आहे. शब्द निसटला हे कचेरीत कुणाच्या तरी त्याच वेळी लक्षात आलं होतं.

हे पत्र बचावलं कसं? छावणी सोडताना एसएसनं कागदांच्या होळ्या केल्या, गाड्या भरून कागद हलवले. बांधकाम कचेरी मात्र आधीच बंद झाली होती आणि तिचं दप्तर बाजूला पडलं होतं. ते जाळायचं राहून गेलं. सेंटरिंग, सिमेंट, नळ, पंखे, भट्टीच्या विटा यांच्या मागणीपत्रांत आणि बिलांत संहाराची यंत्रणा कशी उभी राहिली ते दिवसवार लिहिलेलं होतं, आणि जाळणाऱ्यांना ते मोलाचं वाटलं नाही.

नंबर २६९४७

राजकीय विभागाच्या हाताखाली एक फोटो स्टुडिओ होता. कैद्याला फिरत्या खुर्चीवर बसवून तीन फोटो काढत: बाजूनं, समोरून, आणि टोपी किंवा रुमाल घालून किंचित वळून. विल्हेल्म ब्रासे हा पोलिश कैदी तिथला छायाचित्रकार. युद्धाआधी त्याचा धंदाच तो होता.

चेस्वावा क्वोका या मुलीचे तीन फोटो आज जगभर ओळखीचे आहेत. पोलंडच्या झामोश्च भागातली शेतकऱ्याची पोर. तिकडची गावं रिकामी करून जर्मन लोकांना वसवायचं ठरलं, तेव्हा ती आईबरोबर १३ डिसेंबर १९४२ ला ऑश्विट्झला आली. आईचा नंबर २६९४६, हिचा २६९४७. वय चौदा. फोटोतल्या पाटीवर ती पोलिश 'राजकीय' कैदी आहे. केस ओबडधोबड कापलेले, पट्ट्यांचा सदरा अंगाला मोठा, खालच्या ओठावर जखम. ब्रासेनं पुढे सांगितलं की जर्मन भाषेतला हुकूम तिला कळला नाही म्हणून मुकादम बाईनं तिच्या तोंडावर काठी मारली. तिनं डोळे पुसले, ओठावरचं रक्त पुसलं, आणि मग फोटो झाला. आई १८ फेब्रुवारी १९४३ ला गेली, चेस्वावा १२ मार्चला.

इथेही तेच पाहा. कागदावर नंबर आहे, तारीख आहे. ओठावरची जखम फोटोत आहे. जखम कशाची, हे मात्र ब्रासेच्या आठवणीत होतं. तिन्ही मिळून ती मुलगी समोर येते.

जानेवारी १९४५ मध्ये ब्रासे आणि त्याचा सहकारी ब्रोनिस्वाव युरेचेक यांना सगळे फोटो जाळायचा हुकूम झाला. त्यांनी शेगडीत आधी ओला फोटो-कागद कोंबला आणि वर फोटो व निगेटिव्हचे ढीग टाकले. आत हवा खेळेना, आग धुमसत विझत गेली, खोली धुरानं भरली. एसएसचा माणूस निघून गेल्यावर दोघांनी उरलेलं बाहेर ओढलं. काही फोटो खोलीभर विखरून टाकले, म्हणजे घाईत सगळं नेता येऊ नये. ३८,९१६ फोटो वाचले: पुरुषांचे ३१,९६९, बायकांचे ६,९४७. ब्रासे जगला, २०१२ पर्यंत. युद्धानंतर त्याला कॅमेऱ्यामागे उभं राहवेना, म्हणून त्यानं तो धंदा सोडून दिला.

ऑश्विट्झचं संग्रहालय १४ जून १९४७ ला सुरू झालं, पहिली पोलिश तुकडी आली त्याच तारखेला. तिथे कागद जपण्याची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. युद्धकाळातला कागद हलक्या लगद्याचा. त्यातलं आम्ल हळूहळू कागदालाच खातं, पान पिवळं पडतं, मग पापडासारखं तुटतं. म्हणून आधी आम्ल काढायचं, मग फाटलेल्या कडा पातळ जपानी कागदानं सांधायच्या. शाई विरघळणारी असेल तर धुण्याआधी ती पक्की करून घ्यावी लागते, आणि एकाच पानावर टंकलेखनाची शाई, शिक्का, शिसपेन्सिल असं सगळं असतं. त्यामुळे काम पानागणिक बदलतं.

कागदांचा दुसरा मोठा साठा जर्मनीत बाद आरोल्सेन या लहानशा गावात आहे. युद्धानंतर बेपत्ता लोकांचा शोध घेण्यासाठी दोस्त राष्ट्रांनी निरनिराळ्या छावण्यांची दप्तरं तिथे आणली. आज तिथे सुमारे ३ कोटी कागद आहेत आणि १ कोटी ७५ लाख माणसांची माहिती. नावं शोधण्यासाठी जी कार्डं केली त्यांचीच संख्या ५ कोटींच्या घरात आहे. एकच आडनाव पोलिश, जर्मन, रशियन, फ्रेंच कारकुनांनी आपापल्या कानाप्रमाणे लिहिलेलं, म्हणून ही कार्डं अक्षरापेक्षा उच्चाराच्या अंगानं लावावी लागली. ज्यांनी गावच्या रजिस्टरात आपल्याच आजोबांचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलं आहे, त्यांना ही डोकेदुखी वेगळी सांगायला नको. कितीतरी वर्षं हा साठा फक्त नातलगांच्या चौकशीपुरता होता. संशोधकांना तो २००७ च्या अखेरीस खुला झाला. आता त्यातलं बहुतेक सारं इंटरनेटवर आहे, आणि कैद्यांच्या कार्डांवरची नावं संगणकात चढवण्याचं काम देशोदेशीचे स्वयंसेवक घरबसल्या करतात. त्यांत शाळेतली मुलंही आहेत. नातलगांना चौकशीसाठी पैसे पडत नाहीत.

जमिनीखालचे कागद

आतापर्यंतचे बहुतेक कागद मारणाऱ्यांचे. मरणाऱ्यांनी लिहिलेले कागदही आहेत, आणि ते जमिनीतून आले.

गॅस चेंबरमधून प्रेतं काढून भट्टीत घालायचं काम ज्यू कैद्यांच्याच एका तुकडीकडून करून घेत. साक्षीदार नकोत म्हणून या तुकडीतल्या माणसांनाही वेळोवेळी मारून टाकत. त्यांना आपला शेवट ठाऊक होता, म्हणून त्यांतल्या काहींनी लिहिलं आणि दहनगृहाशेजारच्या मातीत पुरलं. झाल्मन ग्रादोव्स्की यानं यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, लिहिलेली वही अॅल्युमिनियमच्या डब्यात होती, ती मार्च १९४५ मध्येच सापडली. सोबतच्या चिठ्ठीत त्यानं शोधणाऱ्याला विनवलं होतं की इथली जमीन इंचइंच उकरा, असे खूप कागद खाली आहेत. तो स्वतः ७ ऑक्टोबर १९४४ च्या कैद्यांच्या उठावात मारला गेला.

मार्सेल नाजारी हा सालोनिकाचा ग्रीक ज्यू. त्यानं आपलं पत्र थर्मासमध्ये घालून पुरलं आणि, नवल म्हणजे, तो वाचला. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला वारला. त्याचा थर्मास सापडला १९८०मध्ये. पस्तीस वर्षांच्या ओलीनं शाई इतकी गेली होती की जेमतेम दहावा हिस्सा वाचता येई. पुढे निरनिराळ्या रंगाच्या प्रकाशात पानांचे फोटो घेतले. डोळ्याला न दिसणारी शाई एखाद्या विशिष्ट प्रकाशात कागदाहून वेगळी उठते, या तत्त्वावर. २०१७ पर्यंत जवळपास सगळा मजकूर हाती आला. ग्रीक ज्यूचं पत्र पोलंडच्या मातीतून निघालं आणि पावेल पोल्यान या रशियन इतिहासकाराच्या खटपटीनं वाचलं गेलं.

आणि एक बादली. बिर्केनाउमध्ये रोमा लोकांना कुटुंबांसकट एका स्वतंत्र विभागात ठेवलं होतं. त्यांचे नंबर 'झेड' अक्षरानं सुरू होत, जर्मनमधल्या 'त्सिगॉयनर' म्हणजे जिप्सी या शब्दावरून. त्यांची दोन मोठी पुस्तकं होती, एक पुरुषांचं, एक बायकांचं: १०,०९४ आणि १०,८८८ नंबर. तिथले कारकून तादेउश योआखिमोव्स्की, इरेनेउश पिएचिक आणि हेन्रिक पोरेम्ब्स्की हे तिघे पोलिश कैदी. १९४४ च्या जुलैमध्ये या विभागाचं काही खरं नाही, हे त्यांना दिसू लागलं. त्यांनी पुस्तकं पळवली, कपड्यांत गुंडाळली, एका पत्र्याच्या बादलीत ठेवली आणि बराकीजवळ पुरली. २ ऑगस्टच्या रात्री त्या विभागात उरलेल्या चार हजारांवर माणसांना, बायका-मुलं-म्हाताऱ्यांना, गॅस चेंबरमध्ये नेलं.

योआखिमोव्स्की वाचला. १३ जानेवारी १९४९ ला त्याच्या समक्ष ती जागा खणली. बादली निघाली. आत पाणी शिरलं होतं, पानं एकमेकांना चिकटली होती. बरीचशी सुटी करता आली: नंबर, आडनाव, नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. कुठे नाव पाण्यानं गेलं आहे आणि पुढची जन्मतारीख तेवढी शाबूत आहे. जन्मगावाच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी 'ऑश्विट्झ' लिहिलं आहे. ही तिथेच जन्मलेली बाळं. त्यांनाही नंबर आहे.